संगणकाचे गोदाम किती मोठे हवे?



वार्षिक सभेत संगणकाच्या खर्चाचा विषय निघाला, तेव्हा मागच्या रांगेतून एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "साहेब, कागदं कमी कराले यंत्र घेतलं, मंग आता त्याच्या पोटात जागा कायले विकत घ्याची?" सभेत हशा पिकला, पण प्रश्न रास्त होता. पैसा सभासदांचा आहे. विस्तारवाढीच्या कामाचे नियोजन, ऊसनोंद व काट्याच्या नोंदी संगणकावर ठेवायच्या तर जागा किती लागेल, हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी आपल्यालाच मांडता आले पाहिजे. ते फारसे अवघड नाही.

साखरेचे गोदाम आपण जाणतोच. हंगामात जेवढी पोती निघतील तेवढ्यापुरतेच गोदाम कोणी बांधत नाही. मागील हंगामाची शिल्लक असते, थप्प्यांमधून फिरायला वाट लागते, ओल लागलेली पोती वेगळी ठेवावी लागतात. संगणकाचेही तसेच आहे.

प्रथम पोत्याचे माप पाहू. संगणकातील साठवण बाइटमध्ये मोजतात. दहा लाख बाइटचा साधारण एक मेगाबाइट, आणि हजार मेगाबाइटचा एक गिगाबाइट. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण ही सर्व वेगळी चिन्हे धरली जातात. 'गोसेखुर्द' हा शब्द आपल्याला चार अक्षरी दिसतो. संगणक त्यात नऊ चिन्हे मोजतो व २७ बाइट खर्ची घालतो. म्हणून कोणी नोंदी इंग्रजीत ठेवायला सांगेल, तर ऐकू नये. गावांची व माणसांची नावे त्यात बिघडतात, आणि वाचणारी जागा किरकोळ आहे, हे पुढे दिसेलच.

गोसेखुर्दचे नाव सहज घेतले नाही. वैनगंगेवरील या धरणाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा अंदाज सुमारे ३७२ कोटींचा होता. पायाभरणी १९८८ मध्ये झाली. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला आणि २०१६ च्या सुधारित अंदाजात आकडा सुमारे १८,४९४ कोटींवर गेला. त्याचा उजवा कालवा सुमारे ९९ किलोमीटर लांब असून चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागाचे सिंचन त्यावर अवलंबून आहे. अशा कामाचा हिशोब संगणकावर ठेवायचा, तर 'कामे किती' एवढे विचारून भागत नाही. मुदत किती वेळा बदलली, अंदाज किती वेळा सुधारला, हेही विचारावे लागते. कारण सुधारित आराखडा आला तरी जुना पुसायचा नसतो. तो पुसला, तर काम किती लांबले हे दाखवायला पुरावाच उरत नाही.

आता आकडे मांडू. समजा, एका प्रकल्पात ५,००० कामे आहेत. प्रत्येक कामावर सरासरी तीन टोळ्या किंवा यंत्रे, म्हणजे १५,००० नेमणुका. प्रत्येक नेमणूक ४० दिवसांची आणि रोजची एक नोंद, म्हणजे सहा लाख नोंदी. एका नोंदीस २०० बाइट धरले तर १२ कोटी बाइट. मूळ आराखडा व चार सुधारित मिळून पाच प्रती, म्हणजे ६० कोटी. नोंद चटकन सापडावी म्हणून संगणक अनुक्रमणिका बनवतो, तिच्यासाठी निम्मी जागा आणखी धरू. झाले ९० कोटी बाइट, म्हणजे एक गिगाबाइटही नाही.

मग खर्च कशाचा? कागदाच्या फोटोंचा! मोजमाप पुस्तकाचे एक पान यंत्रावर टिपले की अर्धा मेगाबाइट सहज होतो. कामामागे ४० पाने धरली तर दोन लाख पाने, म्हणजे १०० गिगाबाइट. सगळ्या आकडेवारीच्या शंभरपटीहून अधिक! विक्रेता सरसकट मोठे व महाग यंत्र सुचवतो, तेव्हा हीच फोड मागावी. आकडे वेगवान जागेत व कागदांचे फोटो स्वस्त जागेत, अशी विभागणी करता येते.

आपल्या ताडोब्याच्या वाघांनीही हेच दाखवले आहे. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांत वन्यप्राण्यांचे ३,४८,५८,६२३ फोटो आले, पैकी वाघाचे ७६,६५१. म्हणजे साधारण साडेचारशे फोटोंमागे एक वाघाचा. फोटोला एक मेगाबाइट धरला तरी जवळजवळ ३५,००० गिगाबाइट होतात; आणि वाघ कुठल्या फोटोत आहे हे तपासेपर्यंत बाकीचे टाकूनही देता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट जमेस धरायची राहते, ती म्हणजे संगणकाची रोजकीर्द. आपले दिवाणजी आधी रोजकीर्द लिहितात व मग खतावणी करतात. संगणकही प्रत्येक बदल आधी अशा कीर्दीत टिपतो. तिची नक्कल वेळेवर काढून जुना भाग मोकळा केला नाही, तर ती फुगत जाते. मळीची टाकी भरली की यार्डात ऊस असूनही गाळप थांबवावे लागते, तशीच कीर्दीने जागा भरली की नवी नोंद बंद! भर हंगामात काट्यावर असे झाले तर गाड्यांची रांग कुठवर जाईल, हे सांगायला नको. म्हणून कीर्दीसाठी वेगळी जागा, चौथा हिस्सा सदैव मोकळा, आणि संपूर्ण नक्कल दुसऱ्या इमारतीत. त्याच खोलीतील नक्कल आगीच्या वेळी काय कामाची?

जुन्या नोंदींना हात लावतानाही जपावे. चांद्याचे चंद्रपूर झाले, पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. गाव होते तिथेच राहिले, जिल्हा मात्र बदलला. जुने नाव खोडून नवे घातले की जुना दस्त सापडत नाही. दोन्ही ठेवावीत, जागा लागते ती काही बाइटांचीच.

एवढे करूनही हा अंदाजच. खरी रीत आपल्या शेतातलीच आहे. एका गुंठ्यातला ऊस तोडून, वजन करून, चाळिसाने गुणून आपण एकरी उतारा काढतो. तसे ऐन हंगामातल्या एका महिन्याच्या खऱ्या नोंदी संगणकात भराव्यात, जागा किती गेली ते मोजावे आणि मग गुणावे. गुंठा मात्र बांधाकडचा घेऊ नये; पावसाळ्यातला महिना मोजून हंगामाचा हिशोब केला तर फसगत ठरलेली. कार्यालयाने दर महिन्याच्या एक तारखेला वापरलेली व शिल्लक जागा काट्याजवळच्या फळ्यावर लिहावी, अशी आमची सूचना आहे. साखरेचा साठा लिहितोच, त्याखाली ही आणखी एक ओळ.