हार्ड डिस्कवरच्या फायली दिसेनात? आधी हात आवरा

पोर्टेबल हार्ड डिस्क लावली आणि लग्नाच्या फोटोंचा फोल्डरच दिसेना, की जीव कासावीस होतो. मग कुणी घाबरून ‘फॉरमॅट’वर क्लिक करतं, कुणी रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकतं. खरं तर न दिसणारी फाइल अनेकदा डिस्कवरच असते. ती कायमची जाते ती या घाईमुळे.

फाइल डिलीट केली, तरी साध्या हार्ड डिस्कवरचा मजकूर लगेच पुसला जात नाही. फक्त त्याची नोंद रद्द होते आणि जागा मोकळी धरली जाते. अनुक्रमणिकेतलं नाव खोडलं, तरी प्रकरण पुस्तकात राहतं, तसंच हे. त्या जागी नवं काही लिहिलं गेलं, की जुनं संपलं. म्हणून पहिला नियम: त्या डिस्कवर काहीही कॉपी करू नका.

आता डिस्कची ‘प्रॉपर्टीज’ उघडून वापरलेली जागा पाहा. जागा पूर्वीइतकीच भरलेली असेल, तर फायली बहुधा लपलेल्या आहेत. झेरॉक्सच्या दुकानात डिस्क लावल्यानंतर हे झालं असेल, तर ‘शॉर्टकट व्हायरस’चा संशय घ्या. तो फायलींवर ‘हिडन’ आणि अनेकदा ‘सिस्टिम’ अशा खुणा लावतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट समोर मांडतो. त्यांवर क्लिक करू नका. आधी अँटिव्हायरसनं स्कॅन करा. मग ‘हिडन आयटम्स’ चालू करा. तेवढ्यानं भागलं नाही, तर फोल्डर ऑप्शन्समधली ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची टिक काढा. फायली दिसल्या, की दुसरीकडे कॉपी करा.

रिसायकल बिनही तपासा. फायली तिथंही नसतील आणि जागा मोकळी झाली असेल, तर ‘फोटोरेक’सारखं मोफत सॉफ्टवेअर वापरा. ते कॉम्प्युटरवर ठेवा आणि सापडलेल्या फायलीही तिथंच उतरवा. फोटोरेक फायली त्यांच्या आतल्या रचनेवरून ओळखतं, त्यामुळे मूळ नावं बहुधा परत मिळत नाहीत.

डिस्क लावताच ‘फॉरमॅट करा’ असा संदेश आला, तर नकार द्या. ‘इजेक्ट’ न करता केबल ओढल्यानंही नोंदी बिघडतात. विंडोजमधल्या ‘चेकडिस्क’ला दुरुस्ती करायला सांगितलं, की ते डिस्कवर लिहितं, म्हणून आधी डेटा बाहेर काढा.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर ती लगेच बंद करा. आतल्या चकत्या मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि बिघडलेलं हेड त्यांना खरवडू शकतं. पुन्हा पुन्हा लावून पाहू नका, उघडू नका, फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका. आत दव धरतं. थेट डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत न्या.

फायली मिळाल्या, की त्याच दिवशी तीन प्रती करा. त्या दोन वेगवेगळ्या माध्यमांवर ठेवा आणि एक प्रत घराबाहेर, नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर असू द्या. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्यामुळे रूढ झालेला हा ३-२-१ नियम घरच्या फोटोंनाही तितकाच लागू आहे.