टूलबार एक, फॉर्म अनेक

कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात दुपारी बिलं करणाऱ्या मेहताजींच्या पाठीशी उभं राहा. टूलबार कसा नसावा ते लगेच कळतं. सळई भरलेला ट्रेलर काट्यावरून उतरलाय, ड्रायव्हर काटापावती घेऊन खिडकीशी खोळंबलाय. मेहताजींची नजर पावतीवर, माउस सवयीने डावीकडून तिसऱ्या बटणावर. बिलाच्या फॉर्ममध्ये तिथे 'सेव्ह' आहे, चलनाच्या फॉर्ममध्ये 'डिलीट'! प्रत्येक फॉर्मला स्वतंत्र टूलबार दिला की असं होतं.

नव्या प्रोग्रॅममध्ये टूलबार एकच ठेवला, मुख्य खिडकीला. नवीन, शोधा, सेव्ह, प्रिंट ही चार बटणं कायम त्याच जागी. उभ्या रेघेपलीकडे उघड्या फॉर्मची खास बटणं: काट्याला 'वजन घ्या', बिलाला 'ई-वे बिल'. ई-वे बिलाचं चित्र काय काढणार? सरळ अक्षरं लिहिली.

मुख्य खिडकीची आणि फॉर्मची बटणं जुळवणं मात्र किचकट. डॉट नेटच्या 2.0 आवृत्तीत, 2005 साली, जुन्या टूलबारच्या जागी टूलस्ट्रिप आली. आतला फॉर्म उघडला की त्याचा मेनू मुख्य मेनूत आपोआप मिसळतो. टूलबारचं तसं नाही. फॉर्म बदलला की आधीची बटणं काढून नवी जोडायचं काम आपणच लिहायचं. काढणं राहिलं तर काट्याचा फॉर्म बंद झाला तरी 'वजन घ्या' बिलाच्या डोक्यावर लोंबत राहतं.

खातेउतारा पाहताना 'सेव्ह'चा उपयोग नाही, पण ते लपवायचं नाही, फक्त करडं करायचं. लपवलं की शेजारची बटणं सरकतात आणि हात चुकतो. 'वजन घ्या'ही असंच करडं राहतं. गाडी काट्यावर चढत असताना आकडा नाचत असतो. तो स्थिरावला की बटण जागं होतं. रिकाम्या गाडीचं वजन आधी नोंदलेलं असेल, तर पुढचं वजन भरलेल्या गाडीचं, हे प्रोग्रॅमने ओळखावं. त्यासाठी दोन बटणं कशाला?

'डिलीट' टूलबारवरून उचलून मेनूत टाकलं. दिवसात क्वचित लागणाऱ्या कामाला हाताशी जागा देणं हा शुद्ध निष्काळजीपणा.

मालक दर महिन्याला नवा रिपोर्ट मागतील, त्याचं बटणही मागतील. द्या, पण रेघेच्या उजवीकडे. पहिल्या चारांना हात लावू नका.