घरची मोटार आणि भीमाशंकरची वाट

मोटारींच्या शर्यती म्हटल्या कीं धनिकांच्या लाल-पिवळ्या, जमिनीस चिकटून धांवणाऱ्या गाड्या डोळ्यांपुढें येतात. आणि मध्यम स्थितींतील गृहस्थाचा या प्रकाराशीं काय संबंध, असा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनांत साहजिकच उभा राहील. ज्या गाडींतून आजी देवदर्शनास जाई, लग्नसराईंत अहेराचीं ताटें जात आणि पावसांत गुरुजींस घरीं पोंचविलें जाई, त्याच गाडींतून आम्ही एकदां चढाओढींत उतरलों होतों. ती आम्ही जिंकली नाहीं, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें.

हौशी लोकांनीं नित्याची गाडी घेऊन चढाओढींत उतरावें, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. १९०४ च्या अखेरीस दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची एक मोठी कसोटी निघाली होती. गाडी न बिघडतां मुक्कामास पोंचते कीं नाहीं, हा तींतील मुख्य प्रश्न. पुढें मद्रासजवळ शोलावरम् येथें, दुसऱ्या महायुद्धांतील विमानपट्टीवर, शर्यती भरूं लागल्या. आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळें परदेशी गाडी मिळणें दुर्घट. म्हणून तेथें रस्त्यावरच्या साध्या फियाट गाड्याही इंजिनें सुधारून धांवत.

आमची गाडी त्याच जातीची, प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार होई. मूळ इटलीची फियाट ११००. १९७४ च्या सुमारास तिला चितोडच्या राणीचें नांव मिळालें. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, शक्ति सुमारें चाळीस अश्वांची, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या चाकाखालीं. घरांत माणसें चौदा आणि गाडी एक. तिची किल्ली आमचे थोरले काका अण्णा यांच्या खोलींतील खुंटीवर असे.

१९८२ सालीं, गौरी-गणपति आटोपल्यावर, पुण्यांतील कांहीं हौशी मंडळींनीं भीमाशंकरपर्यंत चढाओढ ठरविली. उघड्या रस्त्यावर वेगाची शर्यत करणें गैर, म्हणून ती वेळ, वेग आणि अंतर यांची होती. प्रत्येक टप्प्यासाठीं सरासरी वेग नेमून दिलेला असतो. ताशी छत्तीसची सरासरी आणि अठरा किलोमीटरांचा टप्पा असेल, तर नाक्यावर बरोबर तीस मिनिटांनीं पोंचलें पाहिजे. आमच्या चढाओढींत उशिराच्या प्रत्येक मिनिटास दंडाचा एक गुण आणि लवकर पोंचल्यास दोन होते. ज्याचा दंड सर्वांत कमी, तो पहिला.

यांत चालविणाऱ्याइतकेंच महत्त्व शेजारीं बसून हिशेब करणाऱ्यास असतें. आमच्या शेजारीं आमची चुलत बहीण बसली. ताई गणितांत घरांत सर्वांच्या पुढें. आठवडाभर आधीं तिनें आम्हांस नाशिक रस्त्यावर नेऊन मैलाच्या दगडांशीं गाडीच्या मापकाचा ताळा पाहिला. टायर झिजले कीं त्यांचा घेर कमी होतो, तेवढ्याच अंतरांत चाक अधिक फिरतें आणि मापक खऱ्यापेक्षां अधिक अंतर दाखवितो. हें आम्ही तेव्हां प्रथम शिकलों. अण्णांनीं किल्ली देतांना एकच अट घातली. "हरलांत तरी चालेल. पण वाटेनें जाणाऱ्या एकाही माणसानें आपल्या गाडीला शिव्या देतां कामा नये."

राजगुरुनगर, मंचर, घोडेगांव हे टप्पे उत्तम पार पडले. दंड अवघा एक गुण. पुढें डोंगर सुरू झाला. भातखाचरें हिरवीगार, धुकें खालीं उतरलेलें. तळेघरच्या पुढें गुरांचा एक मोठा कळप आडवा आला आणि आमचीं चार मिनिटें गेलीं. टप्पा ताशी तीसचा होता. उरलेल्या दहा किलोमीटरांस वीस मिनिटें हवीं होतीं. उशीर भरून काढायचा तर सोळांतच पोंचावयास हवें, म्हणजे सरासरी साडेसदतीस. आंकडा क्षुल्लक दिसतो. परंतु वळणांवर वीसच्या पुढें जातां येत नसेल, तर ती सरासरी गांठण्यास सरळ तुकड्यांवर साठ गांठावे लागतात.

"उशीर आपला आहे, तो आपण घेऊं," ताई म्हणाली.

आम्हीं ऐकलें नाहीं. कांटा पन्नासावर गेला. ताई वाद घालीत बसली नाहीं. तिनें वही मिटली, घड्याळ तीवर ठेविलें आणि समोर पाहूं लागली. तें मिटलेलें पुस्तक आम्हांस फार लागलें. रागारागानेंच आम्हीं पाय उचलला. नुकताच एक ओढा ओलांडला होता आणि चारही चाकांचे ब्रेक जुन्या ढोल-पद्धतीचे; तसल्या ब्रेकांत पाणी शिरलें कीं ते कांहीं वेळ पकडत नाहींत. दोन वळणें गेलीं आणि धुक्यांतून डोक्यावर गवताचा भारा घेतलेला एक म्हातारा व त्याचें बोट धरलेली एक लहान मुलगी एकदम पुढें आलीं. आम्हीं ब्रेक दाबला, गाडी घसरत गेली आणि त्यांच्यापासून तीन हातांवर थांबली. कांटा तेव्हां तिसावर होता. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचें अंतर चौपट होतें, हें आम्हीं शाळेंत पाठ केलें होतें. त्याचा अर्थ त्या क्षणीं कळला. म्हाताऱ्यानें शिवी दिली नाहीं. मुलीस आपल्यामागें घेतलें, आमच्याकडे एकदां पाहिलें आणि तो चालूं लागला.

सतरा गाड्यांत आमचा नंबर नववा. देवळाच्या पायऱ्या आम्ही मुकाट्यानें उतरलों. नाना फडणिसांनीं बांधविलेलें शिखर धुक्यांत बुडालें होतें आणि वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांनीं आणलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या घंटेखालीं ताई बराच वेळ उभी राहिली.

घरीं तिनें कोणास कांहीं सांगितलें नाहीं. रात्रीं आम्हींच अण्णांपुढें सर्व वृत्तांत कथन केला. त्यांनीं फक्त विचारलें, "किती हातांवर थांबली?" आम्ही म्हणालों, "तीन." ते उठले, कंदील घेऊन खालीं गेले आणि चारही चाकें हातानें चांचपून आले. किल्ली मात्र दुसऱ्या दिवशींही त्याच खुंटीवर होती. ती हलविली गेली नाहीं, याचें ओझें आम्ही आजवर वाहत आहों.

भीमाशंकरचें अरण्य १९८५ सालीं अभयारण्य झालें. तेथें शेकरूचें राज्य आहे. पद्मिनीचा कारखाना केव्हांच थांबला आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या टॅक्सींतूनही तिनें निरोप घेतला. वेगाची हौस असणाऱ्या तरुणांनीं ती बंदिस्त धांवपट्टीवरच भागवावी. घरच्या गाडीनें घाटांत जाणारांनीं मात्र दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या: ज्या गिअरमध्यें चढण चढलों त्याच गिअरमध्यें उतरावें, आणि गाडी जुनी असो वा नवी, ओढा ओलांडल्यावर ब्रेक हलकेच दाबून, तो पकडतो कीं नाहीं हें पाहिल्याखेरीज पुढें जाऊं नये. आणि शेजारीं बसलेल्यानें वही मिटली, तर ती कां मिटली याचा विचार करावा.