मांगूरच्या डोक्यातलं हाड: हरवलं की जोडलं गेलं?

पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "शरीररचनाशास्त्रात आता नवीन काय उरलंय?" उत्तरासाठी महालातून फार लांब जायला नको. मासळी बाजारातून एक रोहू आणि एक मांगूर, दोघांची डोकी आणा. हलकी उकळून मांस काढा. जास्त उकळू नका, सांधे सुटतात. आता दोन्ही कवट्या शेजारी ठेवा.

रोहूच्या कवटीच्या छतावर मागच्या बाजूला पॅरायटल हाडांची जोडी वेगळी दिसते. मांगूरमध्ये ती वेगळी दिसत नाही. कल्ल्याच्या झाकणातलं सबऑपरकल हाडही मांगूरमध्ये नाही. मग तक्त्यात दोन्हींपुढे "नाही" लिहायचं का?

थांबा. सबऑपरकल सगळ्याच मार्जारमीनांत (कॅटफिशमध्ये) नसतं. पॅरायटलची गोष्ट वेगळी आहे. माशांत सुप्राऑक्सिपिटल हाड कूर्चेपासून बनतं, तर पॅरायटल थेट त्वचेच्या थरात. मार्जारमीनांच्या कवटीमागच्या मोठ्या पट्टीत दोन्ही प्रकारचा भाग दिसतो. म्हणून बरेच संशोधक तिला पॅरायटो-सुप्राऑक्सिपिटल म्हणतात, म्हणजे जोडलेलं हाड.

तिसरा प्रकार वरच्या जबड्यातल्या मॅक्सिलाचा. रोहूमध्ये ते तोंड पुढे काढायला मदत करतं. मांगूरमध्ये ते इवलंसं, बिनदाताचं, मिशीच्या मुळाशी बसलेलं असतं. पॅलटाइन हाड मागे-पुढे सरकलं की मिशी हलते. दक्षिण अमेरिकेतल्या डिप्लोमिस्टिसच्या मॅक्सिलावर मात्र आजही दात आहेत. म्हणजे हाड तेच, काम बदललं.

हरवणं, जोडलं जाणं आणि काम बदलणं या तीन वेगळ्या घटना आहेत. पहिल्या दोन्हींना एकच खूण दिली, तर वंशवृक्षाची फांदी चुकीच्या जागी लागू शकते. सॉफ्टवेअर तुमची चूक पकडणार नाही, ते फक्त तक्ता वाचतं.

हे नागपूरकरांच्या जास्त कामाचं आहे. गिट्टीखदान भागातल्या दख्खन ट्रॅपच्या थरांतून मिळालेल्या सूक्ष्म जीवाश्मांवर 1984 साली गाये, राज आणि राणा यांचा शोधनिबंध आला. त्यात माशांचे अवशेषही आहेत. अशा थरांत अखंड कवटी क्वचितच मिळते, हाती येतात ते सुटे तुकडे. तुकडा कुठल्या हाडाचा, हे ठरवता आलं तरच पुढचं सगळं.

म्हणून आधी लहान-मोठ्या आकाराची चार-पाच डोकी पाहा. लहान माशांत सांध्यांच्या रेषा बऱ्याचदा स्पष्ट असतात. चित्र काढा, मग नाव द्या.