आधी उभी गाडी पाहा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे थोरले बंधू आता ६८ वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. त्यांची सारी नोकरी प्राथमिक शाळेत गेली आणि सुरगाणा तालुक्यातल्या पाड्यापाड्यांवरच्या शाळा त्यांनी स्कूटरवरून केल्या. स्कूटर चेतक. डाव्या हाताच्या मुठीत गिअर, उजव्या अंगाला इंजिन आणि पावसाळ्यात किक मारून मारून घामाघूम होणारे मास्तर, हे चित्र आमच्या गावात अनेकांच्या आठवणीत आहे.

गेल्या वर्षी मृगाच्या आधी भाईजान पडले. गाडी चालवताना पडले असते तर कुणाला नवल वाटले नसते. पण ते पडले घराच्या दारात, गाडी स्टँडवरून काढताना. गाडी कलली, तिला सावरायला गेले आणि तिच्यासकट आडवे झाले. मनगटाला प्लास्टर बसले. नाशिकला नोकरी करणारा मुलगा धावत आला आणि म्हणाला, "अब्बा, आता गाडी बंद." चेतक विकली गेली.

पुढचे सहा महिने भाईजान ओट्यावर बसून होते. पेन्शनसाठी बँकेत जायचे तर कुणाला तरी विचारायचे. शेजारच्या गावातल्या जुन्या मित्राला भेटायचे तर जीपची वाट पाहायची, आणि जीप भरेपर्यंत ती निघत नाही. हळूहळू त्यांनी विचारणेच सोडले. भाभी मला एकदा म्हणाल्या, "भाऊजी, मनगट बरं झालं, पण माणूस बसूनच राहिला." त्यानंतर एके दिवशी भाईजानांनीच मला हाक मारली. "छोटे, ती विजेची गाडी कशी असते रे?"

मी कवी माणूस. मात्रा मोजण्यापलीकडे माझे गणित जात नाही. पण थोरल्या भावाने विचारले म्हटल्यावर शोधाशोध केली, दुकाने पालथी घातली, मेकॅनिक मंडळींना गाठले. त्यातून जे समजले ते तुम्हाला सांगतो. कारण असा एखादा भाईजान, एखादे अण्णा किंवा एखादी आक्का तुमच्याही घरी असेल.

दुकानात गेलो की विक्रेता पहिल्यांदा सांगतो, गाडी किती पळते आणि एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते. वयस्कर माणसाने ते नंतर ऐकावे. आधी उभी गाडी पाहावी. भाईजानांच्या पडण्याने मला हे शिकवले. गाडी वेगात असली की ती स्वतःचा तोल बराचसा स्वतः सांभाळते. थांबताना, वळवताना, मागे घेताना आणि स्टँडवर लावताना मात्र तिचा सारा भार आपल्या गुडघ्यांवर, कमरेवर आणि मनगटांवर येतो.

म्हणून पहिली परीक्षा दुकानातच, गाडी बंद असताना घ्या. नेहमीची चप्पल किंवा बूट घालून आसनावर बसा. दोन्ही पावले टाचांसकट जमिनीवर टेकली पाहिजेत. बहुतेक विजेच्या स्कूटरींच्या आसनाची उंची ७६ ते ८० सेंटिमीटर असते. हा चार सेंटिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण ठेंगण्या माणसाच्या बाबतीत टाच टेकणे आणि चवड्यावर उभे राहणे यांतला फरक तेवढाच असतो. मग गाडी किंचित एका बाजूला कलवून पुन्हा सरळ करा. या गाड्यांचे वजन साधारण ११० ते १३५ किलो भरते. ज्या गाडीत बॅटरी पायाखाली, खालच्या बाजूला बसवलेली असते ती सरळ करायला सोपी जाते, कारण तिचे वजन जमिनीलगत असते. मधल्या स्टँडवर गाडी स्वतः तीनदा लावा आणि काढा. विक्रेत्याला हात लावू देऊ नका, तो काही रोज तुमच्या दारात येणार नाही. काही गाड्यांना मागे जाण्याची सोय असते, बटण दाबले की गाडी सावकाश मागे सरकते. तरुणाला ती गंमत वाटेल, पण ज्याची कमर धरते त्याला ती फार उपयोगाची आहे.

दुसरी परीक्षा रस्त्याची. ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न पळणारी आणि २५० वॉटपर्यंतची मोटर असलेली हलकी गाडी कायद्याने मोटार वाहनात मोडत नाही. तिला नोंदणी नको, परवाना नको. किंमतही कमी. भाईजानांना तीच पसंत पडली होती. पण आमचा तालुका डोंगरातला. समजा गाडी, माणूस आणि पिशवी मिळून १५० किलो वजन आहे आणि रस्ता शंभर फुटांत आठ फूट चढतो. ताशी १० किलोमीटरच्या वेगाने एवढे वजन चढवायला सव्वातीनशे वॉट लागतात, चाकांचे घर्षण वेगळे. म्हणजे २५० वॉटची मोटर तिथे धापा टाकणार आणि मध्येच थांबणार. चढावर थांबलेली गाडी सावरणे म्हणजे पुन्हा तोच दारातला प्रसंग. सपाट गावात, बाजारापुरते फिरणाऱ्याला ती गाडी चांगली. घाटात राहणाऱ्याने जास्त ताकदीचीच घ्यावी आणि विकत घेण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या चढावर, मागे कुणाला तरी बसवून चालवून पाहावी.

आता किलोमीटरची गोष्ट. बॅटरी किती युनिटची हे विचारा. विक्रेता 'किलोवॉट अवर' म्हणेल. ते म्हणजे आपल्या वीजबिलातले युनिटच. ३ युनिटची बॅटरी असेल तर सपाटीवर, बेताच्या वेगाने किलोमीटरला साधारण ३० वॉट अवर लागतात, म्हणजे १०० किलोमीटर. दुकानात सांगतात तो आकडा ठरावीक चाचणीतला असतो. रोजच्या रस्त्यावर त्याचा पाऊण हिस्सा धरावा. त्यात चढ आला की हिशेब आणखी बदलतो. गाडी आणि माणूस मिळून २०० किलो वजन ३०० मीटर उंच चढले, तर चढण्यापुरतेच सुमारे एक पंचमांश युनिट जाते. सपाटीवरचे सहा-सात किलोमीटर तिथेच संपले. पण घाबरायचे कारण नाही. भाईजानांचे रोजचे फिरणे वीस किलोमीटरच्या वर जात नाही. मोठ्या बॅटरीसाठी जास्त पैसे आणि जास्त वजन घेण्याआधी प्रत्येकाने आपले रोजचे किलोमीटर वहीत आठवडाभर लिहून काढावेत.

उताराची एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. या गाड्यांमध्ये वेग कमी करताना मोटर उलटे काम करते, थोडी वीज बॅटरीत परत भरते आणि त्यातून गाडीला ब्रेकसारखा धरही मिळतो. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवायला जागा नसते. अशा वेळी तो धर कमी होतो किंवा मिळतच नाही. तेव्हा ज्याचे घर डोंगरावर आणि वाट उताराची, त्याने सकाळी निघताना हाताच्या ब्रेकवर भिस्त ठेवावी.

या गाडीला आवाज नाही, ही तिची थोरवी आणि तिचा धोकाही. रस्त्यातल्या गुरांना आणि पोरांना ती येते आहे हे कळत नाही. शिवाय उभी असताना ती चालू आहे की बंद, हे कानाला समजत नाही. उतरता उतरता मूठ पिळली गेली तर गाडी उसळते. म्हणून थांबलो की आधी गाडी बंद, मग पाय खाली, ही सवय लावून घ्यावी.

चार्जिंग घरीच होते, तरी आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. काही गाड्यांची बॅटरी काढून घरात नेता येते, पण ती दहा-बारा किलोची असू शकते. गुडघेदुखीच्या माणसाने ती जिन्यावरून न्यावी काय? त्यापेक्षा ओसरीत प्लग बसवावा. २०२२ च्या उन्हाळ्यात काही गाड्या पेटल्याच्या बातम्या आपण वाचल्या होत्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. तरीही गाडीबरोबर मिळालेलाच चार्जर वापरावा, फिरून आल्यावर बॅटरी थोडी निवू द्यावी आणि झोपण्याच्या खोलीत किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर चार्जिंग करू नये. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि दुरुस्तीला गाडी किती लांब न्यावी लागेल, हे पैसे देण्याआधी विचारावे.

आणि परवाना. जास्त ताकदीच्या गाडीला तो लागतोच. पंचावन्न ओलांडल्यावर त्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते आणि डॉक्टरांचा दाखला द्यावा लागतो. भाईजानांनी या निमित्ताने डोळे तपासले, तेव्हा एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला. आधी शस्त्रक्रिया झाली, मग गाडी आली.

कोणती गाडी घेतली ते सांगत नाही. आकाशवाणीवर जाहिरात नको, आणि तुमच्या पायांचे माप वेगळे. एवढे सांगतो की चेतकसुद्धा २०१९ मध्ये विजेचे रूप घेऊन परत आली आणि भाईजान जुन्या मायेने आधी तिच्यावरच बसले होते. शेवटी ज्या गाडीवर त्यांच्या टाचा टेकल्या ती घरी आणली.

मुलाने एक अट घातली, अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही. भाईजानांनी ती मान्य केली. परवा दुपारी मी त्यांच्याकडे गेलो तर ओटा रिकामा होता. भाभींना विचारले, भाईजान कुठे गेले? त्या म्हणाल्या, "काय की. सांगून थोडेच जातात आता!" आणि हसल्या.