कावेरीच्या गाळाखालचा डोंगर

कुंभकोणमच्या उत्तरेस कावेरी आणि दक्षिणेस अरसलार वाहते. या दोन प्रवाहांच्या मधल्या आणि आसपासच्या भूमीत भाताची खाचरे, केळीच्या बागा आणि विड्याच्या पानांचे मळे कोसच्या कोस पसरले असून, या सपाटीवर स्थानिक म्हणावा असा मुठीएवढाही दगड सापडणे मुश्कील आहे. जवळच्याच दारासुरमचे बाराव्या शतकातील ऐरावतेश्वराचे पाषाणमंदिर पाहून थक्क होणाऱ्या यात्रेकरूच्या हे क्वचितच ध्यानात येते की त्यातला प्रत्येक चिरा बाहेरून आणावा लागला आहे. आणि तरीही भूवैज्ञानिकांच्या दफ्तरात याच नगराच्या नावाची एक डोंगरधार नोंदलेली आहे. कुंभकोणम–मदनम–पोर्टोनोवो या नावाने ओळखली जाणारी ही स्फटिकमय खडकाची धार नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे परंगीपेट्टईच्या, म्हणजेच पोर्टोनोवोच्या, किनाऱ्यापर्यंत जाते. तिच्यावर कोणी चढले नाही, तिची सावली कोणी पाहिली नाही, कारण ती संपूर्णपणे गाळाखाली गाडलेली आहे.

पृष्ठभागाच्या बाबतीत मात्र या मुलखाइतका काटेकोर मोजलेला मुलूख दुसरा क्वचितच असेल. चोळांच्या शिलालेखांत जमिनीचे सूक्ष्म अपूर्णांक कोरलेले आहेत. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरास मराठी राज्य स्थापल्यावर जमाबंदी, इनामे, मोईन आणि कालव्यांच्या पाण्याचे कज्जे हे सारे मोडी कागदांत उतरत गेले, आणि त्यांतले पुष्कळ आजही जपून ठेवलेले आहेत. पण ‘वेली’ या जुन्या तमिळ भूमापाच्या हिशेबाने मोजलेल्या या शेताखाली हजार हात खोल काय आहे, याची कैफियत ना चोळांच्या हिशेबनीस करणमाला ठाऊक होती, ना भोसल्यांच्या मुजुमदाराला. नवल असे की, ती लिहिण्याचे साधन कुदळ नव्हे, कंप ठरले.

१८९७ च्या जून महिन्यात आसामात झालेल्या प्रचंड भूकंपाचा अभ्यास करताना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी दूरदेशीच्या नोंदींतून तीन प्रकारच्या लहरी वेगळ्या काढल्या : सर्वांआधी पोहोचणारी दाबाची लहर, तिच्या मागून येणारी आडव्या हेलकाव्याची लहर आणि शेवटी पृष्ठभागावरून रेंगाळत येणारी. त्याच सुमारास मुंबईत कुलाब्यास आणि तमिळ मुलखात कोडाईकनालला मिल्न पद्धतीची भूकंपलेखक यंत्रे बसू लागली होती. परंतु भूकवचाचा तळ दाखवून देण्याचा मान झाग्रेबच्या आंद्रिया मोहोरोविचिच यांचा. ८ ऑक्टोबर १९०९ च्या भूकंपाच्या नोंदी तपासताना त्यांना असे आढळले की, काही अंतरापलीकडच्या ठाण्यांवर दाबाची लहर एकदा नव्हे, दोनदा येते. एक लहर वरच्या थरातून सेकंदाला सहा किलोमीटरांहून कमी वेगाने सरळ आलेली, तर दुसरी खाली बुडी मारून, आठ किलोमीटरांच्या आसपास वेग देणाऱ्या घन थरातून धावून, अंतर अधिक कापूनही आधी पोहोचलेली. त्या सीमेची खोली त्यांनी ५४ किलोमीटर काढली. एका प्राध्यापकाने आपल्या टेबलाशी बसून केलेली ही पैमाश मला आजही सरकारी मोहिमांपेक्षा अधिक थरारक वाटते.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भूकंप वरचेवर होत नाहीत, तेव्हा येथे कंप निर्माण करावा लागला. १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला आणि त्या दशकाच्या अखेरीस या खोऱ्यात भूभौतिक पाहणी सुरू झाली. १९६४ साली कारैकाल येथे पहिली खोल विहीर खणली गेली. रीत अशी : शेतात अरुंद छिद्र घेऊन तळाशी सुरुंग उडवायचा आणि ठराविक अंतरावर जमिनीत रोवलेल्या जिओफोनच्या रांगेने परतणारे प्रतिध्वनी टिपायचे. ज्या पातळीवर खडकाची घनता व त्यातील लहरींचा वेग बदलतो, तेथून लहरीचा काही अंश उलटतो, उरलेला पुढे खाली जातो आणि पुढच्या पातळीवर पुन्हा विभागतो. अशा हजारो नोंदी जुळवल्यावर कागदावर थरांच्या रेघा उमटतात. येथे त्या रेघांनी सपाट शेतांखाली उघडे केले ते खचलेल्या दऱ्या आणि त्यांमधील उंचवटे यांचे एक अख्खे भूदृश्य : वायव्येस अरियलूर–पुदुच्चेरीची द्रोणी, आग्नेयेस तरंगंबाडीची, आणि त्या दोहोंना विभागणारी आपली कुंभकोणमची धार. गोंडवन खंड फुटून भारत अंटार्क्टिकापासून सुटू लागला तेव्हाच्या, सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वीच्या ताणाने कवचाला पडलेल्या या भेगा होत. त्यांत पुढे कित्येक किलोमीटर जाडीचा गाळ साचला.

हे सारे अनुमान आहे, हे मात्र विसरू नये. यंत्र खोली सांगत नाही, वेळ सांगते. प्रतिध्वनी दोन सेकंदांनी परतला आणि वाटेतला सरासरी वेग सेकंदाला अडीच किलोमीटर धरला, तर ती पातळी अडीच किलोमीटर खोल; वेग पावणेतीन निघाला, तर तीच अडीचशे मीटर खाली सरकते, आणि तेलविहिरीच्या खर्चात अडीचशे मीटर म्हणजे थट्टा नव्हे. धुरावरून अग्नी ओळखणाऱ्या नैयायिकालाही पाकशाळेतली व्याप्ती, म्हणजे धूर तेथे अग्नी हे साहचर्य, आधी पाहावी लागते. येथली पाकशाळा म्हणजे अरियलूर. त्या बाजूस गाळखडक उघडे पडलेले असून हेन्री ब्लॅनफर्ड यांनी त्यांचे वर्णन १८६२ मध्येच प्रसिद्ध केले होते. पूर्वेकडे तेच थर गाळाखाली उतरत जातात. शिवाय खणलेल्या विहिरीत जिओफोन उतरवून वेगाची प्रत्यक्ष मोजदाद करता येते.

सुरुंग मोठे आणि रांगा शंभर किलोमीटरांहून लांब केल्या, की तेलाच्या पातळीखाली थेट कवचाच्या तळापर्यंत दृष्टी पोहोचते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९७२ पासून सोव्हिएत सहकार्याने कावली ते उडुपी या रेषेवर असे खोल मापन आरंभले. डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची जखम ताजी असल्याने महाराष्ट्रातही गुहागर–चोरोची आणि केळशी–लोणी या रेषा घेण्यात आल्या आणि कवचाचा तळ सुमारे ३६ ते ४० किलोमीटरांवर निघाला. तेथील वरच्या बेसाल्ट थराच्या जाडीचे अनुमान पुढे कोयना परिसरात छिद्र पाडून पारखले गेले. २०१७ साली पुरे झालेल्या सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्रात साधारण १,२५० मीटरांवर बेसाल्ट संपून थेट ग्रॅनाइटी खडक लागला, मधे गाळखडक नाही. कुप्पम ते तमिळनाडूतील पळनी या रेषेने दक्षिणेच्या प्राचीन ग्रॅन्युलाइट प्रदेशाचे कवच ४० किलोमीटरांहून जाड असल्याचे दाखवले.

आता कावेरीच्या मुलखात सुरुंगाचे नाव काढणेही सोपे राहिलेले नाही. कुंभकोणमजवळच्या कदिरामंगलम येथे २०१७ साली तेलवाहिनीच्या गळतीवरून गावकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले, आणि २०२० मध्ये तमिळनाडू सरकारने कायदा करून तंजावरसह त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्र ठरवले व तेथे तेल-वायूच्या नव्या शोधास व खोदाईस मनाई केली. शेतकऱ्याची बाजू मला रास्त वाटते. ज्याच्या खाचरात छिद्र पडते त्याला गोंडवनाच्या इतिहासाचे कौतुक सांगून भागत नाही. पण भूविज्ञानाचे काम त्यामुळे अडून राहील असे नाही. दूरच्या भूकंपांच्या लहरी येथवर येतातच, आणि बंगालच्या उपसागराच्या लाटा किनाऱ्याला अहोरात्र जो सूक्ष्म कंप देतात, त्याच्या दीर्घकाळच्या नोंदींतूनही कवचातील लहरींचा वेग काढण्याची गणिते गेल्या वीसेक वर्षांत सिद्ध झाली आहेत. त्यासाठी सुरुंग नको, भूसंपादन नको. एखाद्या शाळेच्या वा मठाच्या आवारात कोपरा मिळाला आणि वर्ष-दोन वर्षे यंत्राला कोणी हात लावला नाही, की झाले. तंजावर ते कारैकाल अशी ठाण्यांची दाट रांग मांडली, तर कुंभकोणमच्या धारेच्या मुळाशी कवच किती विरलेले आहे, हे तेलाच्या लोभावाचूनही कळू शकेल.