सबर म्हणजे गप्प बसणे नव्हे

आम्ही शिक्षक. वर्गात एकदा सांगितले की मुले ऐकतात. घरीही बहुधा आमचाच शब्द चालतो. म्हणून काही वर्षांपूर्वी उन्हाळी सुट्टीत जमातीबरोबर चाळीस दिवसांच्या चिल्ल्याला तामिळनाडूत गेलो, तेव्हा खरी परीक्षा आमच्या स्वभावाची झाली. भाषा कळेना. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आम्हा धाराशिवकरांना रोजचा भात मानवेना. गश्तीला निघालो की काही दारे उघडत, काही तोंडावर बंद होत. एके दिवशी खिदमतीची पाळी आमची होती आणि डाळ करपली. एका वयस्कर साथीदारांनी हसत काही म्हटले, तर आम्ही फटकन उलट बोललो. अमीरसाहेबांनी शब्दही काढला नाही. जेवणे झाल्यावर ते करपलेले पातेले घेऊन नळाखाली घासत बसले. आम्ही धावत जाऊन पातेले मागून घेतले आणि त्याच रात्री साथीदारांची माफी मागितली.

हा तर आपल्याच देशातला प्रवास. परक्या मुलखात दीनच्या कामाला गेलेल्यांना केवढा सबर लागत असेल, हे 2020 साली आपल्या शेजारच्या जिल्ह्यात पाहायला मिळाले.

आपल्या भूम-परंड्याची हद्द ओलांडली की अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा लागतो. त्या वर्षी आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन आणि इंडोनेशिया या देशांतून जमातीत आलेले 29 पाहुणे त्या जिल्ह्यात होते. मार्चमध्ये विमाने थांबली, लॉकडाऊन लागला आणि परतीची वाट बंद झाली. व्हिसाच्या अटी मोडल्या, धर्मप्रचार केला, साथरोगाचे नियम पाळले नाहीत, असे गुन्हे त्यांच्यावर दाखल झाले. त्यांना आसरा देणाऱ्या मशिदींच्या विश्वस्तांनाही आरोपी करण्यात आले. कुणाची भाषा फ्रेंच, कुणाची स्वाहिली, कुणाची इंडोनेशियन. भोवतालची मराठी त्यांना कुठून कळणार? 25 एप्रिलला रोजे सुरू झाले, 25 मे रोजी ईद झाली, 1 ऑगस्टला बकरी ईदही गेली. हे सारे दिवस त्यांनी घरापासून हजारो मैल दूर, डोक्यावर खटला घेऊन काढले.

ते दिवस आपणही विसरलेलो नाही. टीव्हीवर रात्रंदिवस जमातीचीच चर्चा चाले. आमच्या गल्लीत भाजीवाल्याला आधी नाव विचारले जाई. एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर विचारले, "सर, तुमच्याकडे कुणी आले नव्हते ना?" आम्ही विषय बदलला. शेजारी बसलेल्या आमच्या बारा वर्षांच्या मुलाने हे ऐकले आणि विचारले, "अब्बा, अपन चुप कायकू बैठे?" आम्ही म्हणालो, "सबर कर बेटा." पण हा सबर होता की भीती, हे आमचे आम्हालाच ठरवता येईना.

उत्तर ऑगस्टमध्ये मिळाले. त्या पाहुण्यांनी कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. ते मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. 21 ऑगस्ट 2020 रोजी न्या. टी. व्ही. नलावडे व न्या. एम. जी. सेवलीकर यांच्या खंडपीठाने त्यांच्यावरील गुन्हे रद्द केले. सोबत आरोपी झालेल्या भारतीयांनाही दिलासा मिळाला. धार्मिक स्थळांना भेट देण्यास आणि नेहमीचे धार्मिक आचरण करण्यास त्यांच्या व्हिसात मनाई नव्हती, हे न्यायालयाने दाखवून दिले. साथ किंवा संकट आले की बळीचा बकरा शोधला जातो आणि या परदेशी लोकांना तसे निवडले गेले असावे, असेही निकालात आले. माध्यमांतल्या प्रचारावरही ताशेरे होते.

अरबीत 'सब्र'चा मूळ अर्थ रोखून धरणे, बांधून ठेवणे असा आहे. जीभ, राग आणि निराशा रोखून धरायची, हक्क नव्हे. दिव्य कुरआनच्या सूरह अल्-अस्रमध्ये हक आणि सबर यांची ताकीद एकत्रच आली आहे. एक सोडून दुसरे धरता येत नाही.

हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) यांचे उदाहरण पाहा. मक्केतल्या सुखवस्तू घरातला हा तरुण हिजरतीच्या आधी यसरिबला, म्हणजे पुढच्या मदीनेला, कुरआन शिकवायला गेला. तिथले एक सरदार उसैद बिन हुजैर भाला घेऊन, रागाने अंगावर आले. मुसअब (रजि.) पळाले नाहीत, भांडलेही नाहीत. बसून ऐकून घ्या, पटले तर स्वीकारा, नाही पटले तर आम्ही थांबतो, एवढेच ते म्हणाले. उसैद बसले, त्यांनी ऐकले आणि इस्लाम स्वीकारला. मुसअब (रजि.) यांनी आपले म्हणणे सोडले नव्हते, फक्त आवाज चढू दिला नव्हता.

आणखी एक सबर आहे, जो मशिदीत कुणाला दिसत नाही. तो घरी राहिलेल्या बाईचा. आम्ही तामिळनाडूत असताना सासूचे औषध, मुलाचा ताप आणि पाण्याच्या टँकरची वाट पाहणे हे सारे आमच्या पत्नीने एकटीने निभावले. निघण्यापूर्वी घरखर्चाची सोय करावी, असे जमातीत सांगतात. ते योग्यच आहे, पण तेवढे पुरत नाही. परतल्यावर जमातीचे किस्से सांगण्याआधी घरी काय झाले ते ऐकून घ्यावे. परक्यांशी गोड बोलायला शिकून आलेला माणूस घरच्यांवर ओरडत असेल, तर तो चिल्ल्यातून काय शिकला?

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मुलाला बातमी वाचून दाखवली. मग त्याच्यासमोरच त्या सहकाऱ्याला फोन लावला. राग न आणता, त्यांच्या त्या प्रश्नाने मन दुखावले होते, असे सांगितले. थोडा वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "सर, माझे चुकलेच." पुढच्या ईदला ते शिरखुर्मा प्यायला घरी आले.